लोन ऑफिसरच्या ४०१-केमध्ये नफ्यातला वाटा: अमेरिकी नियमात बसवून कसा टाकायचा

अमेरिकेत गृहकर्ज देणाऱ्या कंपनीला वर्षअखेरीस नफा झाला आणि त्यातलं काही लोन ऑफिसरांना, म्हणजे ग्राहकांना कर्ज जुळवून देणाऱ्यांना, द्यायचं ठरलं, तर पहिला प्रश्न असतो की ते रोख द्यायचं की निवृत्तीच्या खात्यात टाकायचं. रोख दिलं तर एकूण मोबदल्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा आडवी येते. ४०१-के, म्हणजे कंपनीमार्फत चालणारी निवृत्ती बचत, अशा मान्य योजनेत टाकलं तर ही मर्यादा नाही, पण वेगळी अट आहे. पैसे गृहकर्जांच्या नफ्यातून आले तरी चालतं. मात्र ते वाटताना त्या माणसाने स्वतः केलेल्या कर्जांचे व्याजदर, फी किंवा इतर अटी कुठेही मोजायच्या नाहीत. बहुतेक कंपन्या पैसा कुठून आला याचीच काळजी करत बसतात, आणि घोळ होतो तो वाटपाच्या तक्त्यात.

एडिसन किंवा बे एरियात लोन ऑफिसर असाल, छोटी कर्जकंपनी चालवत असाल, किंवा पुण्यात बसून अमेरिकी कर्जकंपनीचं पेरोल सांभाळत असाल, तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

नियम काय आहे

पूर्वी ग्राहकाला ६ टक्क्यांनी कर्ज मिळण्यासारखं असताना साडेसहाने दिलं की फरकातला काही वाटा लोन ऑफिसरच्या खिशात जायचा. यालाच यील्ड स्प्रेड प्रीमियम म्हणत. २००८ च्या पडझडीनंतर फेडरल रिझर्व्हने रेग्युलेशन झेड या ग्राहककर्जांच्या नियमावलीत हे बंद केलं. तो नियम एप्रिल २०११ पासून लागू झाला. डॉड-फ्रँक कायद्याने बंदी पक्की केली आणि कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्यूरोने, म्हणजे सीएफपीबीने, जानेवारी २०१३ मध्ये सुधारित नियम काढला. मोबदल्याबद्दलची त्यातली बहुतेक कलमं १ जानेवारी २०१४ पासून लागू आहेत.

फेडच्या मूळ नियमात निवृत्ती योजनांबद्दल अवाक्षर नव्हतं. कंपनीच्या नफ्यातून ४०१-केत टाकलेली रक्कम हा ‘कर्जाच्या अटींवर ठरलेला मोबदला’ धरायचा का, हे कोणालाच ठामपणे सांगता येईना. एप्रिल २०१२ मध्ये सीएफपीबीने परिपत्रक काढून मान्य योजनांपुरती वाट मोकळी केली आणि २०१३ च्या नियमात तीच गोष्ट कलमात आली. आज रेग्युलेशन झेडच्या कलम १०२६.३६ मधल्या डी या पोटकलमाचा पहिला परिच्छेद उघडला तर चार तुकडे दिसतात. पहिल्यात मूळ बंदी आहे. दुसरा सांगतो की कर्जाची रक्कम ही ‘अट’ नव्हे, त्यामुळे रकमेच्या ठरावीक टक्क्याने कमिशन देता येतं. तिसरा निवृत्ती योजनांचा आणि चौथा नफ्यातून दिलेल्या रोख बोनसचा. आपलं काम तिसऱ्या आणि चौथ्याशी. हे दोन एकमेकांशी कुठे जोडलेत हे कळलं की निम्मं काम झालं.

आधी माणसं ठरवा

नियम गहाण घर असलेल्या, मुदतीच्या ग्राहककर्जांपुरता आहे. घरावरची खुली क्रेडिट लाइन, म्हणजे हेलॉक, आणि धंद्यासाठी घेतलेली कर्जं यात येत नाहीत. मोबदल्याच्या बदल्यात अर्ज घेणारा, कर्ज सुचवणारा, जुळवून देणारा किंवा अटींवर ग्राहकाशी बोलणी करणारा माणूस म्हणजे लोन ओरिजिनेटर, मग व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो. नुसती कागदपत्रं गोळा करणारा प्रोसेसर आणि कर्ज मंजुरीसाठी तपासणारा अंडररायटर सहसा बाहेर राहतात. ब्रँच मॅनेजरचं मात्र नीट बघा. तो वर्षातून चारदोन कर्जं स्वतः करत असेल तर तोही आत आला.

प्लॅनमधल्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या यादीत अशा माणसांपुढे खूण करून ठेवा. वाटपाचं सूत्र सगळ्यांना एकच असलं तरी ही यादी लागते, कारण नोंदी ठेवताना प्लॅनमध्ये कोणकोण लोन ओरिजिनेटर आहेत ती नावं दाखवावी लागतात.

मग योजना कुठल्या कलमात बसते ते पाहा

सवलत ‘निवृत्ती योजना’ असं नाव असलेल्या प्रत्येक गोष्टीला नाही. नियमात अंतर्गत महसूल संहितेची, म्हणजे केंद्रीय करकायद्याची, सहा कलमं नावानिशी दिली आहेत. ४०१-ए मध्ये ४०१-के, प्रॉफिट शेअरिंग प्लॅन, इसॉप (कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर देणारी योजना) आणि पारंपरिक पेन्शन येतात. ४०३-ए म्हणजे कर्मचाऱ्यांच्या अ‍ॅन्युइटी योजना. ४०८-पी म्हणजे छोट्या कंपन्यांचा सिंपल आयआरए (आयआरए म्हणजे व्यक्तीच्या नावाचं निवृत्ती खातं), ४०८-के म्हणजे सेप, ज्यात मालक कर्मचाऱ्यांच्या आयआरएत पैसे भरतो. ४०३-बी बिगर-नफा संस्थांमध्ये दिसतं आणि ४५७-बी सरकारी यंत्रणा व काही करमुक्त संस्थांमध्ये. यादी इथे संपते.

म्हणजे लोन ऑफिसरने बँकेत स्वतः उघडलेल्या साध्या आयआरएत किंवा रॉथ आयआरएत कंपनीने नफ्यातून पैसे भरले, तर तो सरळसरळ रोख मोबदलाच, त्याला तिसऱ्या तुकड्याची ढाल नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅलसेव्हर्ससारख्या राज्य योजनांमध्ये तर मालकाला वाटा घालताच येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी गल्लत ४०९-ए खालच्या योजनांची. मोठ्या लोन ऑफिसरांना टिकवण्यासाठी कंपन्या ‘डिफर्ड कॉम्प’ देतात: पाच वर्षं थांबलात तर अमुक रक्कम, तीही गृहकर्ज विभागाच्या नफ्यावरून ठरणारी. ऐकायला निवृत्ती योजनेसारखंच वाटतं. पण ती सहाच्या यादीत नाही म्हणून तिसऱ्या तुकड्यात बसत नाही, आणि पैसे पुढे ढकललेले असल्यामुळे चौथ्या तुकड्यातल्या तात्काळ बोनसमध्येही बसत नाही. दहा टक्क्यांच्या आत ठेवली तरी उपयोग नाही. नियमासोबतच्या सीएफपीबीच्या अधिकृत भाष्यात हे स्पष्ट लिहिलं आहे, तरी पगारपत्रकांच्या तपासणीत हाच प्रकार वरचेवर सापडतो. लोन ऑफिसरने आपलंच रीतसर कमिशन पुढच्या वर्षांवर ढकललं, तर ती वेगळी गोष्ट. तिथे रक्कम नफ्यावरून ठरत नाही, त्यामुळे ते चालतं.

ठरावीक पेन्शन देणाऱ्या योजनेत लाभ वय, नोकरीची वर्षं आणि पगार यांवरून निघतो. तिथे ‘स्वतःच्या कर्जांच्या अटींवर आधारित नको’ ही अट नियमाने वेगळी घातलेली नाही. ती ज्यांत प्रत्येकाचं वेगळं खातं असतं अशा योजनांपुरती आहे. कॅश बॅलन्स प्लॅन दिसायला खात्यासारखा असला तरी करकायद्यात तो पेन्शनच्याच बाजूला मोजतात. तरी गृहकर्ज कंपन्यांना हा प्रकार परवडत नाही. व्याजदर वर गेले की धंदा एका वर्षात निम्म्यावर येऊ शकतो, आणि पेन्शनमधला भरणा मात्र चुकवता येत नाही.

पैशाचा उगम आणि पैशाचं वाटप वेगळं ठेवा

समजा, संचालक मंडळाने गृहकर्ज विभागाच्या नफ्यातून १,२०,००० डॉलर ४०१-केच्या प्रॉफिट शेअरिंग भागात टाकायचे ठरवले. प्लॅनमध्ये पात्र असलेल्या सगळ्यांचा मिळून पगार २४,००,००० डॉलर. म्हणजे प्रत्येकाला पगाराच्या ५ टक्के. एका लोन ऑफिसरने वर्षात १ कोटी ८० लाख डॉलरची कर्जं केली आणि प्रत्येक कर्जावर रकमेच्या अर्धा टक्का, एकच दर, म्हणजे ९०,००० डॉलर कमिशन कमावलं. त्याच्या खात्यात ४,५०० डॉलर जातील. ५२,००० पगाराच्या प्रोसेसरच्या खात्यात २,६००.

हे नियमात बसतं. १,२०,००० हा आकडा सगळ्यांच्या कर्जांच्या नफ्यातून आला, त्यात या लोन ऑफिसरच्या कर्जांचाही नफा मिसळलेला आहे, तरी हरकत नाही. त्याचे ४,५०० ठरले ते कमिशनवरून, कमिशन ठरलं रकमेवरून, आणि रक्कम ही अट नव्हे. साखळीच्या कुठल्याही कडीत त्याच्या कर्जाचा व्याजदर, पॉइंट, फी किंवा कर्जप्रकार आलेला नाही.

मॅचचं, म्हणजे कर्मचाऱ्याच्या भरण्याला जोडून कंपनी टाकते त्या रकमेचंही तेच. कर्मचाऱ्याने टाकलेल्या पहिल्या ३ टक्क्यांना पूर्ण आणि पुढच्या २ टक्क्यांना निम्मा, असा ठरलेला सेफ हार्बर मॅच पगारावरून निघतो. पगार शुद्ध तर मॅच शुद्ध. उलटही खरं आहे. एखाद्या कर्जप्रकाराला जास्त कमिशन देऊन पगारच चुकीचा ठरवला असेल, तर त्यावर टक्केवारीने गेलेला मॅच आणि नफ्याचा वाटाही त्याच चुकीने बाधित होतो. म्हणून निवृत्ती योजना तपासण्याआधी कमिशनचा करार तपासा. तो बिघडलेला असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

वाटपाचा तक्ता रकान्यागणिक वाचा

प्लॅनचा हिशेब सांभाळणाऱ्या थर्ड पार्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे दरवर्षी जो एक्सेल तक्ता जातो, तो समोर उघडा. त्यात नाव, नोकरीला लागल्याची तारीख, जन्मतारीख, वर्षातले तास, प्लॅनपुरता पगार, वाटपाचा गट आणि रक्कम, एवढंच असायला हवं. कधीकधी शेवटी कर्जांची कमाई किंवा सूट दाखवणारे आणखी एकदोन रकाने चिकटलेले असतात: ‘सरासरी मार्जिन’, ‘रेव्हेन्यू बीपीएस’, ‘ब्रँच पी अँड एल’, ‘सवलती’. हे रकाने कुणी सोयीसाठी ठेवलेत म्हणून सोडून देऊ नका. रक्कम ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते होते, एवढ्यावरूनही तपासनीस ‘अप्रत्यक्षपणे आधारित’ असा प्रश्न काढू शकतो. तक्त्यातून ते काढून टाका, आणि सूत्रात शिरले असतील तर सूत्र बदला.

सगळ्यांना एकसारखी टक्केवारी हा सर्वांत सुरक्षित मार्ग. सोशल सिक्युरिटीच्या पगारमर्यादेच्या वरच्या पगाराला थोडी जास्त टक्केवारी देणारी पद्धतही चालते, कारण तीही पगारावरच चालते. धोका आहे तो गटागटाला वेगळी टक्केवारी देणाऱ्या ‘न्यू कंपॅरेबिलिटी’ पद्धतीत, विशेषतः जिथे प्लॅनच्या कागदपत्रात प्रत्येक माणूस हाच एक स्वतंत्र गट असतो. तिथे मालक कुणाला २ टक्के, कुणाला ९ टक्के असं आपल्या मर्जीने ठरवू शकतो. करकायद्याची भेदभाव-चाचणी फक्त जास्त पगारवाले आणि बाकीचे यांच्यातला तोल बघते. लोन ऑफिसर अ ला ९ आणि ब ला २ का, हे ती विचारत नाही. रेग्युलेशन झेड विचारतं. अ ची कर्जं महाग विकली गेली म्हणून त्याला ९, असं दिसलं तर चाचणीचा हिरवा शेरा कामाचा नाही. ही पद्धत ठेवायचीच असेल, तर सगळ्या लोन ऑफिसरांचा मिळून एकच गट करा. किंवा निकष वर्ष सुरू होण्याआधी लिहून इतिवृत्तात नोंदवा: नोकरीची वर्षं, एकूण कर्जरक्कम, कर्जांची संख्या, फाइल किती बिनचूक होत्या, अर्जांपैकी किती पूर्ण झाले, कर्जं पुढे कशी फेडली गेली. नोकरीची वर्षं सोडली तर बाकीचे निकष अधिकृत भाष्यात चालणारे म्हणून दिलेले आहेत.

आडवळणाने शिरणाऱ्या निकषांसाठी ‘प्रॉक्सी’ची कसोटी आहे आणि ती दोन प्रश्नांची. हा निकष बऱ्याच कर्जांमध्ये एखाद्या अटीबरोबर सातत्याने बदलतो का? आणि लोन ऑफिसर तो निकष स्वतः घालू, काढू किंवा बदलू शकतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर तो निकष अटीचाच मुखवटा. भाष्यातलं उदाहरण असं: एक कंपनी पाच वर्षांची बलून कर्जं, म्हणजे ज्यांत शेवटी उरलेली रक्कम एकदम फेडायची असते अशी, स्वतःकडे ठेवते आणि तीस वर्षांची स्थिर दराची विकते. ‘स्वतःकडे ठेवलेल्या’ कर्जांवर वेगळा मोबदला म्हणजे मुदतीवरच मोबदला, आणि ग्राहकाला इकडून तिकडे वळवणं लोन ऑफिसरच्या हातात. घर कुठल्या राज्यात आहे हा निकष मात्र, घर विकत घेण्याच्या कर्जात, प्रॉक्सी ठरत नाही. लोन ऑफिसर घर उचलून दुसऱ्या राज्यात नेऊ शकत नाही.

शिक्षा म्हणून वाटा कापणं हाही उलट्या बाजूने तोच गुन्हा. ग्राहकाला व्याजात पाव टक्का सूट दिली म्हणून त्या लोन ऑफिसरचा ऐच्छिक वाटा कमी केला, तर रक्कम अटीवरूनच ठरली.

ब्रँचच्या नफ्याचा सापळा

बऱ्याच रिटेल कंपन्यांत प्रत्येक शाखेचा वेगळा नफा-तोटा निघतो आणि प्रॉफिट शेअरिंगची टक्केवारी शाखेप्रमाणे ठरते. शाखेत दहा लोन ऑफिसर असतील तर नफा अनेकांच्या कर्जांतून आलेला असतो. शाखेत एकच लोन ऑफिसर असेल तर ‘शाखेचा नफा’ म्हणजे त्याच्याच कर्जांच्या मार्जिनची बेरीज, दुसरं काही नाही. तिथे शाखेच्या नफ्यावरून त्याच्या ४०१-केचा आकडा काढू नका. कंपनीच्या किंवा मोठ्या विभागाच्या पातळीवर काढा. दोन लोन ऑफिसरांच्या शाखेतही आमचा सल्ला तोच. दोघांपैकी एकाने सहा महिन्यांची रजा घेतली तर उरला एकच.

लोन ऑफिसरच्या नावाने चालणारी अंतर्गत खाती याच जातीची. कर्ज ठरलेल्या दरापेक्षा वर विकलं की जादा पैसे खात्यात जमा, आणि मग त्यातून खर्च, सवलती, बोनस. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आरपीएम मॉर्गेजवर सीएफपीबीने अशाच खर्च-खात्यांवरून कारवाई केली. ग्राहकांना १ कोटी ८० लाख डॉलर परत, वर कंपनीला १० लाख आणि तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला व्यक्तिशः १० लाख दंड, असा तो निकाल होता. अशा खात्यातली शिल्लक वर्षअखेरीस निवृत्ती योजनेत वळवली तर योजना मान्य असूनही रक्कम त्या माणसाच्या अटींवरच ठरलेली राहते.

दहा टक्क्यांचा हिशेब आणि त्यात निवृत्तीचे पैसे

निवृत्ती योजनेतल्या भरण्याला दहा टक्क्यांची मर्यादा नाही, पण रोख बोनसची मर्यादा काढताना तो उपयोगी पडतो. ही जोडणी अनेकांना माहीतच नसते.

गृहकर्जांच्या नफ्यातून लोन ऑफिसरला रोख बोनस द्यायचा तर तो त्या काळातल्या त्याच्या एकूण मोबदल्याच्या १० टक्क्यांहून जास्त नको. नाहीतर बोनस ठरवण्याच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याने दहा किंवा त्याहून कमी कर्जं केलेली हवीत; ब्रँच मॅनेजर सहसा या दुसऱ्या वाटेने सुटतात. एकूण मोबदला असा काढायचा: डब्ल्यू-२ या वार्षिक पगार-फॉर्मच्या ५ नंबरच्या चौकटीत येणारा, त्या काळात प्रत्यक्ष दिलेला पगार, कंपनीची इच्छा असेल तर त्या काळात मालकाने वैयक्तिक खात्याच्या मान्य योजनेत प्रत्यक्ष भरलेली रक्कम, आणि इच्छा असेल तर त्याच काळाचा नफ्यातला बोनस, मग तो नंतर दिलेला असला तरी.

बोनस स्वतःच बेरजेत असल्यामुळे सरळ दहा टक्के काढायचे नसतात. बाकीच्या मोबदल्याला ९ ने भागायचं. वरच्याच लोन ऑफिसरचं घ्या. पगार ९०,०००, नुसता पगार धरला तर बोनस १०,००० पर्यंत. आता ४ टक्के सेफ हार्बर मॅचचे ३,६०० आणि प्रॉफिट शेअरिंगचे ४,५०० मिळवा: ९८,१०० भागिले ९, म्हणजे १०,९००. ताळा करून पाहा: ९८,१०० अधिक १०,९०० म्हणजे १,०९,०००, त्याचे दहा टक्के १०,९००.

इथे चुका ठरलेल्या आहेत.

चौकट १ आणि चौकट ५ ची गल्लत. लोन ऑफिसरने स्वतःच्या पगारातून ४०१-केत २३,५०० डॉलर टाकले, जी २०२५ ची मर्यादा होती, तर चौकट १ मध्ये ६६,५०० दिसतील आणि चौकट ५ मध्ये ९०,०००. चौकट १ धरली तर बोनस विनाकारण आखडेल. याउलट चौकट ५ धरून वर पुन्हा ते २३,५०० मिळवले तर एकच रक्कम दोनदा मोजली गेली आणि मर्यादा ओलांडली. मिळवायचा तो फक्त मालकाचा वाटा.

तारखांची गल्लत. शब्द ‘प्रत्यक्ष भरलेली’ असे आहेत. प्रॉफिट शेअरिंगचा भरणा कंपनीचं करविवरण दाखल करण्याच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढीसकट, करता येतो, म्हणून बहुतेक जण तो पुढच्या मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये करतात. करासाठी ती रक्कम मागच्या वर्षाची, पण दहा टक्क्यांच्या हिशेबात ज्या वर्षी भरली त्या वर्षाची. वरच्या उदाहरणात ४,५०० पुढच्या मार्चमध्ये भरले तर यंदाची बेरीज ९३,६०० आणि बोनस १०,४००. ज्या कंपनीला बोनस मर्यादेपर्यंत न्यायचा आहे तिने ३१ डिसेंबरआधी भरणा करावा.

मागच्या वर्षीचा बोनस. फेब्रुवारीत दिलेला गेल्या वर्षीचा बोनस यंदाच्या चौकट ५ मध्ये येतो. तो वजा करायचा, कारण तो वेगळ्या काळाचा आहे.

शिवाय चौकट ५ म्हणजे करारातला पगार नव्हे. आरोग्य विम्याचा हप्ता करपूर्व कापला जात असेल तर चौकट ५ तेवढी कमी असते. आकडा पेरोलच्या अहवालातून घ्या. आणि नफ्यातले सगळे बोनस एकत्र मोजा. तिमाहीचे वेगळे, वर्षाचे वेगळे असं करून प्रत्येकाला दहा टक्के देता येत नाहीत.

प्लॅनच्या बाजूने ‘पगार’ या शब्दाची व्याख्या वेगळी असू शकते, हेही डोक्यात असू द्या. काही प्लॅन कमिशन वगळतात. तसं असेल तर ९०,००० कमिशनवाल्याचा वाटा शून्यावर येईल, आणि त्या व्याख्येची स्वतंत्र भेदभाव-चाचणी करावी लागेल. शिवाय २०२५ मध्ये प्लॅनपुरता पगार ३,५०,००० डॉलरपर्यंतच धरता येत होता आणि एका माणसाच्या खात्यात सगळं मिळून, वयामुळे मिळणारी जादा सवलत सोडून, ७०,००० पर्यंतच जाऊ शकत होतं. पाच लाख कमावणाऱ्या लोन ऑफिसरला त्या वर्षी ५ टक्के म्हणजे २५,००० नव्हे, १७,५०० मिळाले असते. हे आकडे आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, दरवर्षी बदलतं. जुन्या तक्त्यातून उचलू नका.

छोटा ब्रोकर आणि १०९९ वाले

सातआठ जणांच्या ब्रोकर फर्मला सेप सोपा पडतो: एकपानी करार, आणि मालकासकट सगळ्यांना सारखी टक्केवारी. ही सारखी टक्केवारीच रेग्युलेशन झेडमधला बचाव ठरते. सिंपल आयआरएत ठरावीक मॅच किंवा सगळ्यांना २ टक्के, त्यामुळे तिथेही मनमानीला फारसा वाव नाही. १०९९ वर काम करणाऱ्या कंत्राटी लोन ऑफिसरला कंपनीच्या ४०१-केत घेता येत नाही. तो स्वतःच्या कमाईतून स्वतःचा सेप किंवा सोलो ४०१-के भरतो. ती कंपनीची देणगी नसल्यामुळे हा प्रश्नच तिथे येत नाही. मालक स्वतः लोन ऑफिसर असेल, तर त्याच्या समभागांवर मिळणारा खराखुरा लाभांश मोबदला धरला जात नाही. मात्र लोन ऑफिसरला बक्षीस म्हणून दिलेले शेअर किंवा ऑप्शन मोबदल्यातच येतात.

नोंदी

मोबदल्याचा प्रत्येक करार आणि दिलेल्या प्रत्येक रकमेचा पुरावा रक्कम दिल्यापासून तीन वर्षं ठेवावा लागतो. निवृत्ती योजनेसाठी फाइलमध्ये काय हवं हे भाष्यात सांगितलं आहे: एरिसा (खासगी निवृत्ती योजनांचा केंद्रीय कायदा) आणि करसंहितेखाली दाखल केलेली विवरणं, म्हणजे व्यवहारात फॉर्म ५५००, प्लॅनचं मूळ कागदपत्र आणि सगळ्या दुरुस्त्या, प्लॅनमध्ये असलेल्या लोन ओरिजिनेटरांची नावं, आणि योजना मान्य असल्याचं आयआरएसचं डिटर्मिनेशन लेटर असेल तर ते. यात आम्ही आणखी दोन कागद घालायला सांगतो. एक, वाटपाचं सूत्र मंजूर केल्याचं तारीखवार इतिवृत्त. दुसरा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला पाठवलेला तक्ता जसाच्या तसा. सूत्र कागदावर नसणं हा सर्वांत महागडा निष्काळजीपणा आहे. २०१३ मध्ये युटामधल्या कॅसल अँड कुक मॉर्गेजवरच्या कारवाईत, जी सुमारे ९२ लाख डॉलरची परतफेड आणि ४० लाखांच्या दंडावर मिटली, व्याजदरावरून दिलेल्या तिमाही बोनसांबरोबर मोबदल्याच्या नोंदी न ठेवल्याचाही आरोप होता.

नोंदी तीन वर्षांत नष्ट करण्याची घाई करू नका. ग्राहकाला नुकसानभरपाईचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि त्यात लोन ओरिजिनेटरला त्या कर्जातून मिळालेल्या मोबदल्याच्या तिपटीपर्यंत रक्कम मागता येते. घर जप्तीला आलं तर तीन वर्षं उलटून गेल्यावरही बचाव म्हणून तो मुद्दा उभा करता येतो.

भरण्याआधी तपासा, नंतर नाही

रोख बोनसातली चूक दुरुस्त करणं तुलनेने सोपं. निवृत्ती योजनेत गेलेले पैसे ट्रस्टचे होतात. एरिसाखाली वस्तुस्थितीची चूक झाली, म्हणजे आकडा चुकीचा टाइप झाला किंवा बेरीज चुकली, तर भरणा केल्यापासून एका वर्षात तो परत घेता येतो. ‘सूत्र रेग्युलेशन झेडमध्ये बसत नव्हतं हे नंतर कळलं’ ही तशी चूक धरली जाईल यावर विसंबू नका. आणि प्लॅनच्या सूत्राप्रमाणे एकदा मिळवलेला हक्क मागे जाऊन कापता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. नोव्हेंबरमध्ये पुढच्या वर्षाचं वाटपाचं सूत्र आणि कमिशनचे करार एकाच टेबलावर, एकाच वकिलासमोर ठेवून मंजूर करा. एरिसाचा वकील आणि गृहकर्ज नियमांचा वकील सहसा वेगवेगळे असतात आणि दोघांनाही दुसऱ्याचा कागद दिसलेला नसतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तात्पुरता तक्ता काढा, रकाने तपासा, एकट्या लोन ऑफिसरच्या शाखा वेगळ्या काढा. त्यानंतर बोनससाठी ९ ने भागाकार. भरणा डिसेंबरमध्ये की पुढच्या वर्षी, हे इथे ठरवा. जानेवारीत डब्ल्यू-२ तयार झाले की चौकट ५ शी ताळा घ्या आणि मगच फेब्रुवारीतला रोख बोनस सोडा. बँक किंवा क्रेडिट युनियन असाल तर या पायऱ्या लेखी धोरणात असणं सक्तीचं आहे. बाकीच्यांनीही लिहून ठेवलेल्या बऱ्या, कारण पेरोलचा माणूस बदलला की पहिली गळते ती मागच्या वर्षीचा बोनस वजा करण्याची पायरी.